भोईरकाकांची लांबी

दिवस गेल्या वर्षीच्या मे महिन्यातला दुसरा रविवार, वेळ सकाळी सव्वादहा. रक्कम पाचशे एक रुपये. हजर चौघे: मी, माझी पत्नी सुनंदा, आमच्या खालच्या मजल्यावरचे गजानन भोईर आणि त्यांच्या पत्नी इंदूकाकू. रकमेखेरीज आणखी एक वस्तू त्या दिवशी पणाला लागली. ती म्हणजे भोईरकाकांची मिशी. तिची खरी किंमत त्या वेळी मला ठाऊक नव्हती, नाहीतर मी तो कागद लिहिला नसता.

मिशी साधी नव्हती. निम्मी काळी, निम्मी पांढरी, आणि वरचा ओठ संपूर्ण झाकणारी. चहा प्यायल्यावर तिच्या टोकाला चहाचा थेंब राहायचा. तो थेंब काका डाव्या मनगटाने टिपत. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण मिशीखाली काय आहे ते मीही नीट बघितलेलं नाही, असं इंदूकाकू सगळ्यांसमोर सांगायच्या. आम्ही हसायचो. काका हसायचे नाहीत. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मी खोपोलीला एका कारखान्याच्या भांडारात मोजदादीचं काम करतो. आलेला माल मोजायचा, गेलेला माल मोजायचा, उरलेला पुन्हा मोजायचा. भोईरकाका त्याच कारखान्यात रंगखात्यात होते. तिथे आमची तोंडओळख होती. खरी ओळख मी कर्जतला या इमारतीत राहायला आलो तेव्हा झाली. घर ताब्यात घेऊन चार दिवस झाले होते. बैठकीच्या भिंतीला भोकं, ओरखडे, जुन्या खिळ्यांच्या जखमा. मी टेप घेऊन भिंत मोजत होतो, तेवढ्यात दारात काका येऊन उभे राहिले. भिंतीकडे बघून म्हणाले, "लांबी किती घेतलीस?"

मी टेप बघून सांगितलं, "अकरा फूट चार इंच."

काकांनी एकदा टेपकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग दाराची चौकट धरून खाली बसले आणि पोट धरून हसले. लांबी म्हणजे रंगाच्या आधी भिंतीत भरायची पुट्टी, हे मला माहीत नव्हतं. भांडारात आम्ही त्या गोणीवरचं इंग्रजी नाव वाचून नोंद करायचो. त्या दिवसापासून त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. "काय मापाडी," एवढंच. पुढे सगळी इमारतच मला मापाडी म्हणायला लागली. दूधवाल्याने बिलावर तेच नाव घातलं.

लांबी ही काकांसाठी वस्तू नव्हती, जगाकडे बघायची पद्धत होती. एक किलोची पावडरीची पिशवी त्यांच्या खिडकीत कायम असायची, तोंडाला कपड्यांचा चिमटा लावलेला, आणि शेजारी लांबी लावायची पोलादी पत्ती. जगात दोन प्रकारच्या गोष्टी असतात, असं ते म्हणत. लांबी भरली की झालं अशा, आणि लांबी भरायच्या आधी जरा विचार करायला लागतो अशा. तिसरा प्रकार त्यांनी कधी मानला नाही. कपाटाच्या सैल झालेल्या बिजागरीची भोकं, देव्हाऱ्याची उडालेली कड, फोटोफ्रेमचा तुटलेला कोपरा, उंदराने पोखरलेला दाराचा तळ, सगळं त्यांनी भरलं. एकदा इंदूकाकूंची दाढ किडली तेव्हा त्या डॉक्टरकडे निघाल्या आणि जाताना मला म्हणाल्या, "घरात थांबले तर हे पत्ती घेऊन येतील."

मिसळायची त्यांची रीत ठरलेली. वाटीत आधी पाणी, मग पावडर. उलटं कधी नाही. "पानी घरातलं, पावडर पावनी. पावनीनं सावकाश यावं. एकदम आली तर गाठी होतात." पावडर चिमटीने भुरभुरत सोडायची, दोन मिनिटं तिला भिजू द्यायचं, मग पत्तीने घोटायचं. मी एकदा स्वयंपाकघरातला वजनकाटा नेऊन त्यांचं प्रमाण मोजलं. पाच वेळा मोजलं. पाण्याच्या एका भागाला पावडर जवळजवळ अडीच भाग, आणि पाच वेळांत फरक दोन-तीन ग्रॅमचा. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "मंग तुजा काटा बरा हाय."

घोटलेला गोळा पत्तीवरून ओघळला नाही, पण पत्ती आडवी केली की हळूच हलला, म्हणजे जमलं. त्यानंतर वीस मिनिटांत वापरायचा. पुन्हा पाणी घालून मऊ करायचा नाही. "सुकाया लागल्यावर पानी घालणं म्हंजे रुसलेल्या बायकोला साडी. दिसतं बरं, धरत नाय."

"माहीत आहे ना? मग आणत जा वेळेवर," आतून इंदूकाकू.

पण या वीस मिनिटांत एक त्यांचा खास भाग होता. काम संपल्यावर बोटभर लांबी उरायचीच. ती त्यांनी कधी फेकली नाही. त्या उरल्या गोळ्याची ते चिमणी करायचे. अंगठ्याने पोट, चिमटीने चोच, काडीपेटीच्या काडीने डोळे, आणि झाडूच्या हिराने पंखांच्या रेघा. तीन मिनिटांत चिमणी. दुसऱ्या दिवशी घासकागद फिरवायचा आणि ज्याच्या घरचं काम, त्याच्या खिडकीत ठेवून यायची. आमच्या इमारतीत सोळा घरं आहेत. मी मोजल्या तेव्हा एकेचाळीस चिमण्या होत्या. प्रत्येक चिमणीच्या वरच्या चोचीला मधून जरा डावीकडे एक बारीक खाच असायची. मला वाटायचं हाताची सवय असेल.

आता भेगेकडे येतो. आमच्या बैठकीत तुळई आणि विटांची भिंत जिथे मिळते तिथे एक आडवी भेग होती. लांबी (माझ्या अर्थाने) सात फूट दोन इंच. दर वर्षी मी ती भरून घ्यायचो, दर पावसाळ्यानंतर ती परत यायची. तीन वेगवेगळ्या कारागिरांनी भरली. भोईरकाकांना मी सांगितलं नव्हतं, कारण ते शेजाऱ्यांकडून मजुरी घेत नाहीत आणि फुकट काम करून घेणं मला जमत नाही. शेवटी त्यांनीच बघितली आणि भडकले.

"वरवर लिंपलंय रं ह्यांनी! भेग अशी भरत्यात? भेग आदी उगडायची. रुंद करायची. घाबरायचं नाय. पार आतपातूर गेलं की मंग भरायची. झाकली म्हंजे बुजली नाय."

त्या मे महिन्यातल्या रविवारी ते कामाला लागले. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने भेग खरवडून बोटभर रुंद केली. सुनंदाच्या तोंडचं पाणी पळालं. भिंतीचा चुरा जमिनीवर, तिच्या सोफ्यावर, कुंडीत. ब्रशने धूळ काढली, पाणी मारलं, भरायला सुरुवात केली. उजव्या टोकाला अकरा इंच भेग लोखंडी कपाटामागे जात होती. काका म्हणाले, कपाट सरकवू. मी म्हणालो, राहू दे, तिथे कोणाला दिसतंय. आत तीस वर्षांच्या फायली आहेत. काकांनी नाइलाजाने हात आत घालून तेवढ्या भागावर वरूनच पत्ती फिरवली. ही गोष्ट मी मुद्दाम लिहून ठेवतो.

मजुरीचा विषय निघाला. काका घेईनात. मी सोडेना. तेव्हा इंदूकाकू म्हणाल्या, "पैज लावा आणि मिटवा."

काका पेटले. "लाव! पावसाळा जाऊ दे. लांबी टिकली तर पाचशे एक तू मला दे, पैज म्हनून घेईन. लांबी सुटली तर पाचशे एक मी तुला देईन, आनि..." त्यांनी मिशीवर हात ठेवला. "आनि ही काढीन."

इंदूकाकूंच्या हातातला कप बशीवर वाजला.

मी कागद आणला. तोंडी व्यवहार मला आवडत नाहीत. लिहिलं: 'दसऱ्याच्या दिवशी मोजणी करता भेगेची लांबी वाढल्याचे आढळल्यास श्री. भोईर हे मिशी काढतील व रु. ५०१ देतील, अन्यथा रु. ५०१ घेतील.' काकांनी न वाचता सही केली. उरलेल्या लांबीची चिमणी करून खिडकीत ठेवली आणि गेले.

पावसाळ्यात काका आमच्याकडे किती वेळा आले ते मी लिहून ठेवलेलं नाही, याचं मला आज वाईट वाटतं. कधी वर्तमानपत्र न्यायला, कधी दिलेलं वर्तमानपत्र परत करायला. "येवडा पडतोय, गॅलरीत पानी येत नाय ना?" असं विचारत आत यायचे आणि गॅलरीकडे पाठ करून भिंतीकडे बघायचे. भिंत ठणठणीत होती. गणपतीपर्यंत त्यांची मिशी जरा जास्तच पिळलेली दिसायला लागली.

दसऱ्याला सकाळी चौघेही जमलो. मी स्टुलावर चढलो. भेग भरलेली सहा फूट तीन इंच जागा गुळगुळीत. नखसुद्धा अडकेना. सुनंदाने टाळी वाजवली. मी पाचशे एकचं पाकीट काढलं.

"कपाट सरकव," काका म्हणाले.

"काका, कशाला?"

"सरकव रं."

कपाट सरकवलं. मागे, अकरा इंचांतली नऊ इंच लांबी सुटली होती. केसाएवढी रेघ, पण रेघ.

काकांनी ती बोटाने चाचपली आणि म्हणाले, "हरलो."

इथपर्यंत सरळ होतं. पण मी कागद उघडला तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते हरलेले नाहीत. "कागदात लिहिलंय, भेगेची लांबी वाढली तर. आधी लांबी सात फूट दोन इंच. आता नऊ इंच. वाढली नाही, सहा फूट पाच इंचांनी घटली. तुम्ही जिंकलात. हे घ्या पाचशे एक."

"मी बोल्लो लांबी सुटली तर. तू लिवलंस लांबी वाढली तर. तुज्या कागदात माजी लांबीच नाय!"

"सही तुमची आहे."

"जबान पन माजीच हाय."

"शिवाय कपाट मी सरकवू दिलं नाही. चूक माझी."

"भरनारा कोन? मी. ऐकलं कोनी? मी. मंग चूक कोनाची?"

दोन माणसं आपण हरलो म्हणून अशी भांडताना मी भांडारातल्या इतक्या वर्षांच्या नोकरीत बघितली नाहीत. सुनंदाने मला स्वयंपाकघरात बोलावलं. तिथे इंदूकाकू आधीच उभ्या होत्या, डोळे पुसत आणि हसत, दोन्ही एकदम.

तिथे मला कळलं. काका जन्मले तेव्हा त्यांचा वरचा ओठ दुभंगलेला होता. लहानपणी टाके घालून शिवला, पण व्रण राहिला. त्यांची आई नेरळपलीकडच्या पोशीर गावात. पोटुशी असताना ग्रहण लागलं होतं, आणि तिने त्या वेळी काहीतरी चिरलं म्हणून पोराचा ओठ फाटला, असं सगळ्या गावाने धरलं. हळदीकुंकवाला, बारशाला, विहिरीवर, तिला ऐकवायचे. सोळाव्या वर्षी मिसरूड फुटलं तेव्हापासून काकांनी वस्तरा तिथे लावू दिला नाही. काका चौथीत असतानाच वडील गेले, त्यामुळे नंतर मिशी उतरवायची पाळीही आली नाही. "आई अजून आहे," इंदूकाकू म्हणाल्या. "चौऱ्याऐंशीची. आई असताना मिशी उतरवायची म्हणजे... आणि ते ओठाचं. ह्यांना म्हणावं, राहू द्या ती पैज, भावजी."

सुनंदा माझ्याकडे अशी बघत होती, की मी बाहेर जाऊन कागदाचे चार तुकडे केले. "पैज रद्द," मी म्हणालो.

आत काय बोलणं झालं ते काका समजले. त्यांनी कागदाचे तुकडे उचलले, मोजले ("चार, बरोबर हाय ना मापाडी?") आणि खिशात घातले. मग त्या नऊ इंचांच्या रेघेवरून पुन्हा बोट फिरवलं.

"वरवर लिंपलं की सुटतंच," ते म्हणाले. आणि चपला घालून खाली गेले.

तासाभराने परत आले तेव्हा मिशी नव्हती. वरच्या ओठावर मधून जरा डावीकडे एक बारीक पांढुरकी रेघ नाकापर्यंत गेलेली, आणि तिच्या टोकाला ओठ किंचित वर ओढलेला. चिमणीच्या चोचीची खाच. मी ती एकेचाळीस वेळा मोजलेली होती.

पुढचे दोन दिवस आमच्या इमारतीत गोंधळ झाला. आपल्याकडे या वयाच्या माणसाने एकाएकी मिशी उतरवली तर त्याचा एकच अर्थ होतो. भाजीवालीने वांगी तोलता तोलता विचारलं, "कवा झालं, काका?" वरच्या मजल्यावरच्या जोशीबाई दुखवट्याला पिठलं-भात घेऊन आल्या. काकांनी सुरुवातीला सगळ्यांना समजावलं, मग कंटाळून "लांबी गेली" एवढंच सांगायला लागले. ऐकणाऱ्यांना वाटलं, लांबीबाई नावाची कोणी आत्या असेल. पिठलं मात्र त्यांनी परत केलं नाही.

कहर केला खोपोलीच्या एका जुन्या सहकाऱ्याने. त्याने सांत्वनासाठी पोशीरला घरी फोन लावला. "फार वाईट झालं. आजी कवा गेल्या?"

पलीकडून आवाज आला, "मीच बोलतेय. गेले असंन तर मला कोनी सांगितलं नाय."

अर्ध्या तासात काकांना निरोप आला: आत्ताच्या आत्ता ये. काकांनी मला साक्षीदार म्हणून बरोबर घेतलं. मी गाडी चालवत होतो, ते मागे. एरवी रस्त्यातल्या प्रत्येक इमारतीच्या प्लास्टरवर शेरा मारणारा हा माणूस नेरळ मागे पडलं तरी ओठावर हात धरून बसला होता. पोशीरला भात पिवळं पडायला लागलं होतं. ओटीवर काकांची आई, सखूबाई, बसल्या होत्या, पांढरं लुगडं, पाय लांब सोडलेले, पुढ्यात वालाच्या वाळक्या शेंगांनी भरलेलं सूप.

"हितं ये. उजेडात," त्या म्हणाल्या.

काका पायरीवर बसले, चेहरा वर करून. साठी उलटलेला माणूस, शाळेच्या तपासणीत डॉक्टरला दात दाखवतात तसा. सखूबाईंनी त्या रेघेवरून खालून वर एकदा अंगठा फिरवला. लांबी भरल्यावर काका बघतात तसं.

"दिसली एकदाची," त्या म्हणाल्या. मग जरा जोरात, जणू शेजारच्या ओटीलाही ऐकू जावं: "त्या गिराणात मी इळा धरला नवता की सुई धरली नवती. सासूनं आत कोंडून ठेवलेली. उपाशी. काय चिरणार, माजं डोस्कं?"

"ठावं हाय गं आये."

"मंग येवडी वर्षं झाकलीस कशापायी?"

काकांनी सुपातली एक शेंग उचलली. "लोक तुला बोलायचे म्हनून."

"लोक?" सखूबाईंनी शेंग फोडली. "लोक गेले रं समदे वर. मीच उरली हाय."

आणि त्या हसल्या. त्यांना हसताना बघून काकाही हसले, आणि ते कसे हसतात ते मी पहिल्यांदाच नीट बघितलं. ओठ एका बाजूने जरा जास्त वर जातो. बरं दिसतं.

मग मी पैजेचं सगळं सविस्तर सांगितलं, आकड्यांसकट, कपाटासकट. सखूबाईंनी लक्ष देऊन ऐकलं. "म्हंजे तू म्हनतोस तू हरलास, आनि ह्यो म्हनतो त्यो हरला."

"हो."

"मंग दोगं पैसे काडा. ही मागची भिंत बगा, खालपासून वरपातूर उललीय. तिला लांबी लावा. पैज मी जिंकली."



दिवाळीनंतर भोईर कुटुंब पोशीरलाच राहायला गेलं. खालची खोली आता बंद असते. गेल्या महिन्यात मी पावडरीच्या दोन पिशव्या घेऊन गेलो, ती काकांची अगदी अलीकडची भेट. ते मागच्या भिंतीपाशी स्टुलावर उभे होते, स्क्रूड्रायव्हरने भेग उघडत. घाबरायचं नाय, पार आतपातूर, असं स्वतःशीच म्हणत. जुन्या चुन्याचा पांढरा चुरा उडत होता. ते वळले तेव्हा वरच्या ओठावर चुना बसून चांगली झुपकेदार पांढरी मिशी झाली होती.

सखूबाई काठी टेकत आल्या, त्यांना खाली वाकायला लावलं, आणि पदराने ती पुसून टाकली.

अंतिम रक्कम एक हजार दोन रुपये: पाचशे एक माझे, पाचशे एक गजानन भोईर यांचे. रोख, सखूबाई भोईर, मुक्काम पोशीर, यांच्या हातात दिले. त्यांनी दोनदा मोजून घेतले. पावती म्हणून एक चिमणी मिळाली.